मृतांच्या खणातलं नाव

१

गुरुवारी सकाळी आमच्या रिपोआसा गावच्या सरपंच-कचेरीतलं लोखंडी कपाट सताड उघडं सापडलं. आतली एक जाड हिरवी फाइल गायब होती, आणि कचेरीचा सचिव सिल्विउ बोर्झा आदल्या दिवसापासून कुणाला दिसला नव्हता. गावाने अर्ध्या तासात निकाल देऊन टाकला. सिल्विउने फाइल कुणाला तरी विकली आणि तो इटलीला पळाला. आमचं निम्मं गाव तसंही इटलीतच आहे. कुणी तिथल्या म्हाताऱ्यांची शुश्रूषा करतं, कुणी टोमॅटो खुडतं, आणि इथे त्यांची दुमजली घरं खिडक्या लावून उभी असतात. त्यामुळे माणूस दिसेनासा झाला की आम्ही त्याला परस्पर इटलीला धाडून मोकळे होतो.

मी इलारिये, गावच्या चर्चचा सेवेकरी. घंटा वाजवतो, मेणबत्त्या विकतो, दफनभूमीतलं गवत काढतो. फर्निचरचा कारखाना बंद पडला तेव्हापासून हेच करतोय. माझं तोंड वाईट आहे असं लोक म्हणतात, आणि त्यात काही खोटं नाही.

शनिवारी सिल्विउची आई पाराश्किवा आली. तो मृतांचा शनिवार होता, उन्हाळ्यातला. त्या दिवशी सगळं गाव साखर घालून शिजवलेले गहू आणि आपापल्या मेलेल्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या घेऊन चर्चमध्ये येतं. पाराश्किवाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. ती भिंतीला हात लावत माझ्यापाशी पोचली आणि तिने काळ्या एप्रनच्या खिशातून फोन काढला.

"इलारिये, वाच रे हे. काल वाजला होता."

मी वाचून दाखवलं. 'आई, मी इटलीत पोचलो. काम मिळालं. काळजी करू नकोस.'  मग तिने हातातली मेणबत्ती पुढे केली.

"मग ही कुठल्या खणात लावू?"

आमच्या चर्चच्या दाराशी पत्र्याची पेटी आहे. तिच्यात वाळू भरलेले दोन खण आहेत. वरच्या खणात जिवंतांसाठी मेणबत्ती लावायची, खालच्या खणात मेलेल्यांसाठी. मी वैतागून म्हणालो, वरच्या खणात लाव, पोरगा इटलीत आहे, अजून कुठे लावणार. तिने वरच्या वाळूत मेणबत्ती खोचली.

"लावली," ती म्हणाली. "पण हात खालीच जातोय रे."

मी तिला गप्प बसवलं. त्याचं मला आज वाईट वाटतं.

त्याच दिवशी दुपारी गवत काढताना मला आणखी एक गंमत दिसली. आमच्याकडे ऐपत असलेला माणूस जिवंतपणीच स्वतःचं थडगं बांधून ठेवतो. सरपंच ओक्तावियान गिंपू यांनी तर काळ्या संगमरवराचं बांधलंय, खाली काँक्रीटची खोली, वर मोठी फरशी. दगडावर त्यांचा हसरा फोटो, नाव, जन्माचं साल, पुढे एक रेघ आणि मोकळी जागा. त्या रिकाम्या थडग्यावर कुणीतरी मेलेल्यांसाठी लावतात तसला लाल काचेचा दिवा लावून ठेवला होता. निवडणूक आठ दिवसांवर आली होती. विरोधकांपैकी कुणीतरी सरपंचांना जिवंतपणीच श्रद्धांजली वाहतंय असं समजून मी पोट धरून हसलो आणि दिवा विझवला.

रविवारी तो पुन्हा पेटलेला होता.

२

पुढच्या बुधवारी जिल्ह्याहून तपासाला एक बाई आल्या. इन्स्पेक्टर सान्दा ब्रेबान. पन्नाशीच्या, गुडघ्यांनी अधू, बसने आलेल्या, कारण त्यांच्या ठाण्याच्या गाडीत म्हणे पेट्रोल नव्हतं. तोंडात सतत सूर्यफुलाच्या बिया. टरफलं मात्र त्या रुमालात गोळा करायच्या, त्यामुळे माझं त्यांच्याविषयी मत चांगलं झालं. सरपंचांनी कचेरीत त्यांना बसायला जागा दिली नाही, निवडणुकीची गडबड आहे म्हणाले. म्हणून त्या चर्चच्या मागच्या खोलीत बसल्या. चहा मी करत होतो, म्हणजे ऐकतही मीच होतो.

त्यांनी आधी मलाच समोर बसवलं. सिल्विउने नाहीसं होण्याच्या आदल्या दिवशी, मंगळवारी, जिल्हाधिकारी कचेरीत फोन केला होता. गुरुवारी एक फाइल घेऊन येतो, गेल्या वेळची सरपंचाची निवडणूक कशी जिंकली गेली ते त्यात आहे, असं तो म्हणाला होता. गेल्या वेळी सरपंच पस्तीस मतांनी निवडून आले होते. बाईंनी त्या मतदार यादीची प्रत आणली होती, ज्यावर मतदान करताना लोक सह्या करतात ती. एका ओळीवर त्यांनी बोट ठेवलं.

एलिसाबेता दान्चू. माझी वेता. शेजारी निळ्या शाईत गोल, नीटस सही.

"तुमच्या पत्नी कधी गेल्या?" त्यांनी विचारलं.

त्या मतदानाच्या दोन वर्षं आधी गेली होती. मी स्वतः तिची कबर खणली. तिचं ओळखपत्र स्वतः कचेरीच्या खिडकीत नेऊन दिलं, स्तेलुत्साच्या हातात. मेलेल्याचं ओळखपत्र परत आलं की त्याचा कोपरा कापून ते वर पाठवायचं असतं. वेताचं कुणी कापलं नव्हतं. ते वापरून कुणीतरी तिच्या नावाने मत देऊन आलं होतं. मी हातातली किटली खाली ठेवली. जिवंत असताना तिने त्या गिंपूला कधी मत दिलं नव्हतं.

"आता तुम्ही माझ्याशी खरं बोलाल," बाई म्हणाल्या. "कुणाकुणाला बोलवायचं ते सांगा."

मी तीन नावं दिली. सरपंच, त्यांच्या गाडीचा ड्रायव्हर तोदेर, आणि जन्ममृत्यूची नोंद ठेवणारी स्तेलुत्सा मोरार. कपाटाच्या किल्ल्या त्या कचेरीत एवढ्याच लोकांच्या हाताला लागत.

सरपंच आले ते खुर्ची भरून बसले. आधी त्यांनी युरोपच्या निधीतून किती रस्ते केले ते सांगितलं, मग गटारं सांगितली, मग शाळेचं छप्पर. बुधवारी ते दिवसभर रस्त्याच्या कामावर होते. सिल्विउ हुशार होता पण पोटात पाप होतं, त्याला गावाचं भलं बघवत नव्हतं, असं त्यांचं म्हणणं पडलं.

तोदेरने टोपी मांडीवर ठेवून सांगितलं की बुधवारी सकाळी अकराच्या सुमाराला त्याने सिल्विउला हमरस्त्याच्या फाट्यावर सोडलं. तिथे इटलीच्या नंबराची पांढरी गाडी उभी होती, तिच्यात तो बसला. सांगताना तो एकदाही अडखळला नाही. पाठ केलेलं माणूस असंच सांगतो.

स्तेलुत्सा शेवटी आली, चीजचे वडे घेऊन. अठ्ठावन्न वर्षांची, गोरीपान, केस मागे घट्ट बांधलेले, दर रविवारी पहिल्या रांगेत. कपाट उघडं होतं ते तिनेच पहिल्यांदा पाहिलं होतं. सिल्विउ बुधवारी सकाळी कामावर आला होता, दुपारनंतर तिने त्याला पाहिलं नाही. एवढं बोलून ती हातातला रुमाल चुरगाळत बसली.

बाईंनी तिघांनाही शेवटी एकच प्रश्न विचारला. सिल्विउ उद्या परत आला तर त्याला काय सांगाल? सरपंच म्हणाले, दोन्ही कान उपटीन. तोदेर म्हणाला, माझी कुदळ नेलीय ती मागून घेईन. स्तेलुत्साने चुरगाळलेला रुमाल उलगडून त्याची घडी घातली. मग कचेरीत काम पडलंय म्हणून उठून गेली. वडे तसेच टेबलावर राहिले, आणि ते मी खाल्ले.

संध्याकाळी बाईंनी मला विचारलं, या आठवड्यात गावात तुम्हाला काही विचित्र दिसलं का. मी म्हणालो, विचित्र म्हणाल तर आमच्या गावात मेलेले मतं देतात आणि जिवंतांच्या थडग्यांवर दिवे लागतात. आणि हसत हसत लाल दिव्याची गोष्ट सांगितली. शनिवारी विझवला, रविवारी पुन्हा. रविवारी विझवला, सोमवारी पुन्हा. शेवटी कंटाळून मी नाद सोडला. आताही जळत असेल.

बाईंचं बी चावणं थांबलं.

"सरपंचांना सांगितलंत?"

"सांगितलं ना. जाऊ दे म्हणाले."

"तुम्हीच दुपारी म्हणालात की कोंबड्यांच्या खुराड्याचं दार चोरीला गेलं तर या माणसाने जिल्ह्याहून पोलिस मागवले होते. आणि स्वतःच्या थडग्यावर कुणी दिवा लावतंय तर जाऊ दे?"

माझं हसू तोंडातच राहिलं. ही गोष्ट माझ्या डोक्यात आलीच नव्हती. निवडणुकीच्या तोंडावर असला अपशकुन झाला तर गिंपूने गाव डोक्यावर घेतलं असतं.

"त्यांना राग आला नाही," बाई म्हणाल्या, "कारण तो दिवा आपल्यासाठी नाही हे त्यांना ठाऊक आहे."

३

रात्रभर मी त्यावर विचार करत राहिलो आणि पहाटे माझी खात्री पटली की बाई उगाच फाटे फोडतायत. सकाळी त्या आल्या त्या थेट माझ्या वर्मावर बोट ठेवत.

"इलारिये, तुमच्यात जो दिवा लावतो तो नावाची चिठ्ठीही देतो ना?"

देतो. नुसता दिवा लावून काय उपयोग. फादरनी वेदीपाशी नाव घेतल्याशिवाय मेलेल्याला काही पोचत नाही असं आम्ही मानतो. ज्याचं नाव कुणी घेत नाही त्याचा जीव चाळीस दिवस दारोदार भटकतो म्हणतात.

"मग त्या शनिवारच्या चिठ्ठ्या कुठे आहेत?"

आता आली पंचाईत. प्रार्थना झाली की चिठ्ठ्या जाळायच्या असतात, नीट, वेगळ्या भांड्यात. मी जाळत नाही. पिठाच्या पोत्यात कोंबून ठेवतो आणि हिवाळ्यात शेगडी पेटवायला वापरतो. सहा वर्षांच्या चिठ्ठ्या कोळशाच्या खोलीत पडून होत्या. फादर शेजारच्या गावचे, तीन गावं सांभाळतात, त्यांना पत्ता नाही. मी मान खाली घालून पोतं ओढत आणलं. बाई रागावल्या नाहीत. उलट त्यांनी पोत्याकडे असं पाहिलं की मला वाटलं आता मिठी मारतायत.

शनिवारच्या चिठ्ठ्या वरच होत्या. आम्ही टेबलावर पसरल्या. आमच्या चिठ्ठ्यांवर आडनाव नसतं, घराणं नसतं, फक्त बाप्तिस्म्याची नावं. देवाला आडनाव लागत नाही. परक्या माणसाला त्यातून काही कळणार नाही, पण दफनभूमीतला प्रत्येक दगड मला पाठ आहे. बाई नावं वाचत गेल्या आणि मी घरं सांगत गेलो. ही सुताराची, ही दुकानदारणीची, ही खालच्या आळीतल्या जुळ्या बहिणींची. दीड तास हे चाललं.

मग एक चिठ्ठी आली. वर क्रूस काढलेला, खाली चार नावं. गाव्रिल, आना, पाहोमिये, सिल्वेस्त्रू.

गाव्रिल आणि आना आमच्याकडे दर दुसऱ्या घरात आहेत. पाहोमिये नावाचे तीन पुरलेत. पण सिल्वेस्त्रू? मी पुन्हा पुन्हा आठवलं. भिंतीपासून फाटकापर्यंत सगळ्या रांगा मनातल्या मनात चाललो. आमच्या मातीत सिल्वेस्त्रू नावाचं कुणी नाही. जिवंतांतही कुणी नाही.

"नीट आठवा."

"बाईसाहेब, मी या लोकांना पुरलंय. नाही म्हणजे नाही."

त्यांनी ती चिठ्ठी बाजूला ठेवली आणि पोत्यात हात घातला. आणखी मागच्या रविवारच्या चिठ्ठ्या काढल्या, त्याच्याही मागच्या. साध्या रविवारी एकाच कागदावर दोन भाग असतात, जिवंत आणि मृत. बाई आता नावं वाचत नव्हत्या, अक्षर बघत होत्या. पिशवीतून त्यांनी सिल्विउच्या हातचं कचेरीचं एक पत्र काढून शेजारी ठेवलं. शेवटी एक कागद उचलून त्यांनी माझ्यासमोर धरला. पत्रातलीच तिरकी, घाईची अक्षरं.

जिवंत: पाराश्किवा, सिल्वेस्त्रू.

"आईला दिसत नाही, म्हणून चिठ्ठी मुलगा लिहून देत होता," त्या म्हणाल्या. "मग आईच्या शेजारी हा दुसरा कोण?"

४

आम्ही पाराश्किवाच्या घरी गेलो. बाईंनी तिला काही सांगितलं नाही, फक्त विचारलं की मुलाचा बाप्तिस्मा कुठल्या नावाने झाला. म्हातारीने आधी दार लावून घेतलं. चव्वेचाळीस वर्षांनीसुद्धा.

तिचा नवरा त्या काळी सामुदायिक शेतीवर कम्युनिस्ट पक्षाचा माणूस होता. त्याच्या पोराचा बाप्तिस्मा झाल्याचं वर कळलं असतं तर नोकरी गेली असती. कागदावर नाव लागलं सिल्विउ. पण पोर अशक्त होतं, जगेल असं वाटत नव्हतं, आणि बाप्तिस्म्यावाचून ते गेलं असतं तर हिने स्वतःला माफ केलं नसतं. नवरा सभेला शहरात गेला त्या दिवशी, जानेवारीच्या दोन तारखेला, फादर मागच्या दाराने आले. तो संत सिल्वेस्त्रूचा दिवस होता, म्हणून तेच नाव दिलं. स्वयंपाकघरात, कपडे धुवायच्या टोपात.

"आणखी कोण होतं तिथे?"

"कोण असणार? बाहेर कंबरभर बर्फ. पण पोराला पाण्यातून उचलून घ्यायला धर्मआई लागतेच. शेजारच्या मोरारची पोरगी दूध न्यायला आली होती. चौदा वर्षांची असेल. तिलाच मेणबत्ती धरायला लावली. तोंड उघडलंस तर बघ म्हणून दटावलं होतं, आणि तिने आजवर उघडलं नाही. गुणाची आहे. सिल्विउ तिला एकांतात धर्मआई म्हणायचा."

"हे नाव आणखी कुणाला माहीत आहे?"

"फादर गेले. नवरा न कळताच गेला. मी आहे, सिल्विउ आहे आणि स्तेलुत्सा आहे." मग तिने बाईंच्या आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. "बाई, एक विचारू? त्याने मला कधी अक्षरं पाठवली नाहीत. मला दिसत नाही हे त्याला माहीत आहे. मोठ्या बटणाचा हा फोन त्यानेच आणला, मी नुसता उचलावा म्हणून. रोज सात वाजता करायचा. तो निरोप कुणी लिहिला?"

बाईंनी तिचा हात हातात घेतला. खोटं बोलल्या नाहीत, खरंही बोलल्या नाहीत. मी बाहेर जाऊन कुंपणाला टेकून उभा राहिलो.

परत येताना त्यांनी मला सगळं जुळवून दाखवलं. बुधवारी माणूस नाहीसा झाला. शनिवारी, म्हणजे तो इटलीत पोचलाय असं सगळं गाव म्हणत असताना, एकीने त्याला मेलेल्यांत लिहिलं. तो मेलाय हे तिला ठाऊक होतं. त्याचं बाप्तिस्म्याचं नाव तिला ठाऊक होतं. आणि त्याच शनिवारी तिने दिवा लावला, जिथे तो आहे तिथे. शहाणी बाई गप्प बसली असती. ही गप्प बसू शकली नाही, कारण तिने त्याला पाण्यातून उचलून घेतलं होतं, त्याच्या जिवाची जबाबदारी तिची होती.

"दिवा लावला जिथे तो आहे तिथे," मी म्हणालो, आणि मग मी काय म्हणालो ते मला कळलं.  मी त्याचा दिवा दोनदा विझवला होता.

५

शुक्रवारी सकाळी बाई कचेरीत गेल्या. मला बरोबर घेतलं, चिठ्ठी कुठे सापडली याचा साक्षीदार म्हणून. स्तेलुत्सा खिडकीमागे बसून एका जन्मदाखल्यावर शिक्का मारत होती. बाईंनी चार नावांची चिठ्ठी तिच्यासमोर ठेवली आणि शेजारी मतदार यादी, माझ्या वेताच्या ओळीवर उघडलेली. गोल, नीटस अक्षर दोन्हीकडे एकच.

स्तेलुत्साने आधी शिक्का पुसून डब्यात ठेवला. मग झाकण लावलं.

"मला वाटलं फादरांशिवाय कुणी वाचत नाही," ती म्हणाली. "वाचलं की जाळतात."

ती बोलत गेली ते शांतपणे, दाखला वाचून दाखवावा तसं. मेलेल्यांची ओळखपत्रं ती गेल्या निवडणुकीच्याही आधीपासून ठेवून घेत होती. सरपंचांनी सांगितलं म्हणून. तिच्या मुलीला बालवाडीत त्यांनी लावलं होतं, आणि आमच्या गावात पगार देणारं दुसरं दार नाही. त्या दारातून बाहेर पडलं की इटलीची बस. एकुलती एक मुलगी तिला जवळ हवी होती. सिल्विउने ते सगळं शोधून काढलं, नावं फाइलमध्ये लावली आणि सोमवारी तिच्यासमोर ठेवली. तो तिला म्हणाला होता, धर्मआई, तुम्ही स्वतः जाऊन सांगा, तुमची शिक्षा कमी होईल, मी गुरुवारपर्यंत थांबतो.

"तो माझ्यासाठी थांबला," ती म्हणाली. "आणि मी मंगळवारी संध्याकाळी जाऊन सरपंचांना सांगितलं. मला वाटलं ते त्याला समजावतील. बदली करतील, गप्प करतील. एवढंच."

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत कचेरी बंद असताना सरपंच आणि सिल्विउ दफ्तराच्या खोलीत भांडले. फाइलची ओढाताण झाली. सरपंचांनी त्याला दगडी जिन्यावरून ढकललं. तो खाली पडला तेव्हा त्याचा श्वास चालू होता. स्तेलुत्सा डॉक्टरला फोन करायला धावली आणि सरपंचांनी फोन तिच्या हातातून काढून घेतला. तो गेला तेव्हा वीस मिनिटं झाली होती. ती तिने घड्याळात मोजली होती.

मग तोदेरने त्याला सभागृहाच्या गालिच्यात गुंडाळलं. भर दुपारी, सगळं गाव जेवून पडलेलं असताना, कचेरीच्या गाडीतून दफनभूमीत नेलं. थडगं सरपंचांचंच होतं. ते स्वतः मरेपर्यंत ती फरशी कुणी उचलणार नव्हतं. स्तेलुत्साला फाटक धरून उभं केलं होतं. फाइल जाळली, निरोप तोदेरने सिल्विउच्या फोनवरून पाठवला.

"मी त्याचा एक हात धरला होता," ती म्हणाली. "जिन्याखाली. तो मला काहीतरी म्हणत होता, मला कळलं नाही." एवढं बोलून तिने तोंड रुमालात झाकलं.

मला तिचे केस धरून तिला बाहेर ओढावंसं वाटलं. माझ्या वेताचं मत, पाराश्किवाचं पोर, सगळं या हातांतून गेलं होतं. पण ती इतकी लहान दिसत होती त्या खिडकीमागे, की मी काही केलं नाही.

दुपारी जिल्ह्याहून चार पोलिस आले. फरशीच्या कडेला ताज्या सिमेंटची रेघ होती. मी नऊ दिवस तिच्या आजूबाजूचं गवत काढत होतो आणि मला ती दिसली नव्हती. सरपंचांना तिथे आणून उभं केलं होतं. मी पहार घातली तेव्हा ते म्हणाले, "इलारिये, माझ्या घरात शिरतोयस, लक्षात ठेव." आवाज नेहमीसारखाच होता, दमदार. फरशी सरकली आणि त्यांनी तोंड फिरवलं. आम्ही सगळ्यांनीच फिरवलं.

आत लाल गालिचा होता. त्यावर आमच्या गावचं बोधचिन्ह विणलेलं आहे.

बाई पोतं घेऊन गेल्या. फाइल जळली असली तरी सहा वर्षांचे सगळे मेलेले त्या पोत्यात होते, घरच्यांनी आपल्या हाताने लिहिलेले, आणि त्यांच्यापुढे मतदार यादीतल्या सह्या ठेवल्या की काम झालं. "तुमच्या गावची खरी यादी हीच," त्या म्हणाल्या. मी म्हणालो, मग माझा आळस सरकारच्या कामी आला. त्या हसल्या नाहीत. मलाही हसायला आलं नाही.

६

रविवारी मतदान झालं. मतपत्रिका आधीच छापल्या होत्या आणि शिक्षा होईपर्यंत नाव काढता येत नाही म्हणे. ओक्तावियान गिंपू कोठडीत बसून एकोणीस मतांनी निवडून आले. लोक म्हणाले, रस्ते तर त्यानेच केले. काहींनी हेही म्हटलं की सिल्विउ गपचूप बसला असता तर आज जिवंत असता. बाहेरून माणसं आली होती, यादीतली प्रत्येक सही तपासली. या वेळी मेलेल्यांनी मत दिलं नव्हतं. जिवंतांनीच दिलं होतं.

सिल्विउला आम्ही सोमवारी पुरलं, त्याच्या बापाशेजारी. खड्डा मी खणला आणि कुणाला हात लावू दिला नाही. सगळे पांगल्यावर पाराश्किवा पेटीपाशी आली. मी तिच्या हाताला धरायला गेलो तर तिने मला बाजूला केलं. तिचा हात आधी सवयीने वरच्या खणावर गेला. तिथली वाळू तिने तळव्याने सारखी केली, सावकाश, जुनी भोकं बुजवत. मग वाकून खालचा खण चाचपला आणि मेणबत्ती तिथे लावली.

"कागद आण," ती म्हणाली. "आता लिहून देणारं कुणी नाही मला. तूच लिही."

मी कागद गुडघ्यावर घेऊन मध्ये रेघ मारली. मृतांच्या बाजूला तिने नवऱ्याचं नाव सांगितलं, मग सिल्वेस्त्रू. नाव मोठ्याने, उघड्या दारात उभं राहून. जिवंतांच्या बाजूला मी पाराश्किवा लिहिलं आणि थांबलो. त्या बाजूला तिच्या शेजारी नेहमी एकच नाव असायचं.

"स्तेलुत्सा लिही," ती म्हणाली.

मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, माझ्या हाताने हे नाव लिहिलं जाणार नाही, तिच्यामुळेच पोर गेलं.

"ठाऊक आहे. मला तिचं तोंड बघायचं नाही, आणि देवाने ते मला दाखवायचीही सोय ठेवली नाही. पण तिने त्याचं नाव लिहिलं नसतं तर मी मरेपर्यंत वरच्या खणात मेणबत्त्या लावत बसले असते. तू लावायला सांगत बसला असतास. लिही."

मी लिहिलं. पुढच्या रविवारी फादरनी दोन्ही बाजू वाचल्या. मग मी वेगळं भांडं काढलं, ती चिठ्ठी त्यात ठेवली आणि जाळायची असते तशी जाळली.